टॅब पंचवीस, रॅम चार

प्रश्न : दादा, माझा लॅपटॉप जुना आहे, रॅम ४ जीबी, विंडोज १०. क्रोम उघडलं की पंखा असा सुटतो की वाटतं आता उडणारच. मैत्रीण म्हणते फायरफॉक्स घे, भाऊ म्हणतो ब्रेव्ह, ऑफिसातला एक जण म्हणतो एज हलकं आहे. कुणाचं ऐकू? काम फार नाही, मेल, व्हिडिओ, ऑनलाइन फॉर्म. आणि हो, टॅब बंद करायची मला सवय नाही.

उत्तर : शेवटचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय खरं, पण गोम तिथंच आहे ताई. आधी क्रोममध्ये शिफ्ट दाबून एस्केप दाबा, एजमध्येही चालतं, एक छोटी खिडकी उघडते ज्यात प्रत्येक टॅब आणि प्रत्येक एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेलं छोटं साधन, किती मेमरी खातंय ते दिसतं, मेमरीच्या मथळ्यावर क्लिक केलं की खादाड मंडळी वर येतात. मी स्वतः दोन महिने ब्राउझरला शिव्या घालत होतो आणि शेवटी त्या यादीत सगळ्यात वर निघालं एक कूपन शोधून देणारं एक्स्टेन्शन, जे मी कधीतरी टाकलं आणि विसरून गेलो. काढलं, पंखा गप्प.

आता तुमच्या तीन सल्लागारांकडे येऊ. क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा, व्हिवाल्डी ही सगळी एकाच घरातली भावंडं, आतलं इंजिन क्रोमियमचं. एजचं आधी स्वतःचं वेगळं इंजिन होतं पण २०२० पासून तेही याच घरात आलं. त्यामुळे क्रोम सोडून एजवर गेलं की मशीन एकदम पळायला लागेल असं काही नाही, फरक पडतो तो वरच्या सोयींचा. आणि ही मंडळी मेमरी खातात ती उगाच नाही बरं का, प्रत्येक साइटला शक्यतो वेगळी प्रोसेस, म्हणजे स्वतंत्र चालणारा प्रोग्रॅम, दिली जाते, म्हणजे एक टॅब कोसळला तरी बाकीचे शाबूत राहतात आणि एका साइटला दुसरीच्या डेटात डोकावणं अवघड जातं. सुरक्षेची किंमत रॅममध्ये मोजायची, ४ जीबीवाल्याला ती जास्त टोचते एवढंच.

क्रोममध्ये सेटिंग्जमधल्या परफॉर्मन्समध्ये मेमरी सेव्हर आहे, एजमध्ये तेच काम स्लीपिंग टॅब्ज करतं, बराच वेळ न बघितलेला टॅब झोपवून टाकतं, क्लिक केलं की परत जागा. तुमच्यासारख्यांसाठीच बनवलंय म्हणा ना. अर्धवट भरलेला फॉर्म असलेला टॅब क्रोम बहुतेक वेळा झोपवत नाही, तरी मी म्हणेन फॉर्म एका बैठकीत संपवा.

पण खरा जडपणा पुष्कळदा पानावरच्या जाहिरातींचा असतो, आपोआप सुरू होणारे व्हिडिओ, तुम्ही काय बघता ते टिपत मागे मागे फिरणारे ट्रॅकर. इथं निवड करण्यात अर्थ आहे. क्रोमने जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन्स २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे तिथं यूब्लॉक ओरिजिन या जाहिरात अडवणाऱ्या एक्स्टेन्शनची फक्त लाइट आवृत्ती उरली, फायरफॉक्सवर मात्र पूर्ण ताकदीची चालते, आणि ब्रेव्हमध्ये जाहिरात अडवायची सोय आतच आहे, काही टाकावं लागत नाही. तेव्हा मैत्रीण आणि भाऊ दोघंही बरोबर, थोडी खटपट चालत असेल तर फायरफॉक्स, अजिबात नको असेल तर ब्रेव्ह. क्रोम काढून टाकू नका, एखादा फॉर्म नव्या ब्राउझरमध्ये अडला की कामाला येतं. बुकमार्क आणि पासवर्ड इम्पोर्ट होतात, पाच मिनिटांचं काम. अजून एक, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा ब्राउझरची निवड झाली की विंडोजचंही बघा.

प्रश्न : बाबांचा कॉम्प्युटर विंडोज ७ वर आहे, क्रोम म्हणतं आता अपडेट मिळणार नाही. दुसरं कुठलं टाकू?

उत्तर : क्रोमची १०९ ही विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती, २०२३ च्या जानेवारीतली, एजही तिथंच थांबलं. फायरफॉक्सवाल्यांनी ११५ नंबरची ईएसआर (जास्त काळ अपडेट मिळणारी) आवृत्ती जुन्या विंडोजसाठी मुद्दाम बराच काळ सांभाळली, अपडेट अजून येत असतील तर आत्तापुरती तीच टाका. पण बातम्या वाचायला, बँकेचा व्यवहार त्यावर नको, कारण खालची विंडोजच जुनी झालीय. मशीन धडधाकट असेल तर विंडोजच्या जागी चालणारं हलकं लिनक्स टाकून बघा, लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्या, दिसायला फार परकं वाटत नाही आणि ब्राउझर ताजा मिळतो. बाबा आधी कुरकुर करतील, माझ्या बाबांनीही केली होती.

प्रश्न : इन्कॉग्निटोत उघडलं की कुणालाच काही कळत नाही ना?

उत्तर : कळतं. इन्कॉग्निटो म्हणजे ब्राउझरचा खासगी मोड, तो फक्त तुमच्या मशीनवर हिस्टरी आणि कुकीज (साइटनी ठेवलेल्या छोट्या नोंदी) ठेवत नाही, नेट पुरवणारी कंपनी, ऑफिसचं नेटवर्क आणि ज्या साइटवर लॉगिन केलंत ती साइट, यांना जे दिसायचं ते दिसतंच. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर मेल बघायला उत्तम, काम झालं की सगळ्या इन्कॉग्निटो खिडक्या बंद करा. आणि डाउनलोड केलेली फाइल तिथंच राहते हे लक्षात ठेवा, मी बायकोच्या वाढदिवसाचं गिफ्ट चोरून मागवलं आणि पावती डाउनलोड्समध्ये पडलेली तिलाच सापडली.