पाळणाघराचा परवाना पाहायचा तरी कुठे?

“मॅडम, या पाळणाघराला परवाना आहे की नाही, हे नेमके कुठे पाहायचे?” हा प्रश्न पुण्यातील तरुण पालक मला वारंवार विचारतात. बाणेरला राहणाऱ्या आणि हिंजवडीत नोकरी करणाऱ्या एका दांपत्याच्या निमित्ताने त्याचे उत्तर जरा सविस्तर द्यावेसे वाटते. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

26 आठवड्यांची प्रसूती रजा आणि तिला जोडून घेतलेली बिनपगारी रजा संपत आली होती, अकरा महिन्यांच्या नातीला सांभाळणाऱ्या सासूबाई साताऱ्याला परतणार होत्या आणि बाईंची झोप उडाली होती. त्यातच कॅलिफोर्नियातील मोठ्या बहिणीने बजावले होते, “नोंद पाहिल्याशिवाय लेकीला कुठेही ठेवू नकोस.” बहिणीच्या दृष्टीने ते साधेच होते, कारण तेथे राज्याच्या सामाजिक सेवा विभागाच्या संकेतस्थळावर केंद्राचे नाव शोधले की परवान्याची स्थिती, तपासणीचे अहवाल आणि आढळलेल्या त्रुटी पाहायला मिळतात. बाईंनी तसेच काही येथे शोधण्यात रात्री घालवल्या आणि काहीच हाती लागत नाही म्हणजे आई म्हणून आपणच कमी पडतो आहोत, असा निष्कर्ष काढला.

तो निष्कर्ष आधी बाजूला ठेवणे आवश्यक होते. आपल्याकडे खासगी पाळणाघरांच्या तपासणीची, पालकांना घरबसल्या वाचता येईल अशी एकत्रित नोंद नाही. जी वस्तू नाही ती न सापडण्यात दोष शोधणाऱ्याचा नसतो. शालेय शिक्षण विभागाने 2025 मध्ये खासगी पूर्वप्राथमिक केंद्रांना पोर्टलवर नोंदणी करण्यास सांगितले, परंतु अशी नोंदणी म्हणजे तान्ह्या बाळाच्या संगोपनाची कोणी प्रत्यक्ष पाहणी केली आहे, असे समजू नये.

त्यांनी जवळजवळ निश्चित केलेल्या केंद्राच्या स्वागतकक्षात शॉप अ‍ॅक्ट आणि उद्यम (लघुउद्योगांची सरकारी) नोंदणी अशा दोन चौकटी लावलेल्या होत्या आणि बाईंच्या यजमानांना तेवढे पुरेसे वाटत होते. वस्तुतः शॉप अ‍ॅक्टचा संबंध आस्थापनेशी आणि तेथील कामगारांशी आहे, तर उद्यम नोंदणी व्यावसायिकाने स्वतः दिलेल्या माहितीवर होते. मुलांकडे कोण पाहते, याविषयी दोन्ही कागद काही सांगत नाहीत. जेवण तेथेच शिजत असेल तर अन्नसुरक्षा नोंदणीचा 14 अंकी क्रमांक मागावा, तो ऑनलाइन पडताळता येतो. अग्निसुरक्षेची यंत्रणा सुस्थितीत असल्याचे ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र महाराष्ट्राच्या 2006 च्या कायद्यानुसार दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते, म्हणून त्यावरील तारीख पाहावी. पाळणाघर सोसायटीच्या इमारतीत असेल, तर हा कागद बहुधा सोसायटीच्या कार्यालयात मिळतो.

खरी चौकशी माणसांची. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने कामाच्या ठिकाणच्या पाळणाघरांसाठी 2018 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत तीन वर्षांखालील 10 मुलांमागे एक सेविका आणि सोबत मदतनीस, असे प्रमाण आहे. खासगी केंद्रांसाठी त्या लिहिलेल्या नसल्या तरी माप म्हणून उपयोगी पडतात. मला स्वतःला तान्ह्यांसाठी हेही प्रमाण सैल वाटते. कॅलिफोर्नियातील केंद्रांत चार तान्ह्यांमागे एक व्यक्ती असावी लागते. म्हणून “एकूण किती मावशी आहेत?” असे न विचारता, “दुपारी मावशी जेवायला बसतात तेव्हा बाळांजवळ कोण असते, आणि एखादी आली नाही तर बदली कोण येते?” असे विचारण्यास मी सुचवले. पोलीस पडताळणी त्या बदली मावशींचीही झालेली असली पाहिजे.

यजमानांचा भरवसा मोबाइलवर दिसणाऱ्या कॅमेऱ्यावर होता. कॅमेरा असावा, याबद्दल दुमत नाही. मात्र आधीच धास्तावलेल्या आईने कार्यालयात बसून दिवसभर तो पाहत राहणे मला हितावह वाटत नाही, आणि हे मी दोघांनाही स्पष्ट सांगितले.

बोलता बोलता आणखी एक गोष्ट पुढे आली. 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय द्यावी आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाऊ द्यावे, अशी तरतूद 2017 च्या दुरुस्तीने प्रसूती लाभ कायद्यात आली. बाईंच्या कंपनीत कितीतरी अधिक माणसे आहेत, तरी त्यांनी एचआरकडे विचारणाच केली नव्हती. “नुकतीच रजा घेतली, आता आणखी काय मागू?” हे त्यांचे वाक्य मी अनेकींकडून ऐकले आहे. आमच्या पुढच्या भेटीतील बराच वेळ या संकोचावरच गेला.

नंतर दोघे संध्याकाळी, मुले घरी न्यायच्या गर्दीच्या वेळी, आगाऊ न कळवता दोन ठिकाणी जाऊन आले. चौकटींच्या केंद्रात त्यांना दारातच थांबवण्यात आले. औंधमधील तळमजल्यावरच्या जुन्या पाळणाघरात ताईंनी मुलाला कोण नेऊ शकते याची वही दाखवली. पडल्या-लागल्याच्या नोंदीही त्याच वहीत होत्या. तेथील फॉर्म बी मात्र जुना निघाला. सोसायटीच्या सचिवांकडून नवा मिळेपर्यंत थांबायचे दोघांनी ठरवले आणि सासूबाईंनी मुक्काम वाढवला. आता मुलगी तेथे अर्धा दिवस राहते. एचआरने पाळणाघराच्या सोयीबाबत लेखी अर्ज मागितला होता, तो बाईंनी दिला आहे; उत्तर अद्याप आलेले नाही.