माडाची सावली, माडाची झावळ आणि न्हाणीवरचा सोलर

प्रश्न : दापोली तालुक्यात किनाऱ्यालगत आमचं घर आहे. चार वर्षांपूर्वी न्हाणीघराच्या स्लॅबवर 200 लिटरचा, काचेच्या नळ्यांचा, पाणी तापवायचा सोलर बसवला. दक्षिणेला हद्दीच्या दगडी गडग्यापलीकडे चुलत दिरांचा जुना माड आहे, तो आमच्या बाजूला कलला आहे. थंडीत दुपारभर त्याची सावली सोलरवर असते, पाणी कोमटच राहतं. गेल्या मे महिन्यात सुकी झावळ पडून चार नळ्या फुटल्या, दुरुस्तीला 6,800 रुपये गेले. विक्रेता म्हणतो, हे वॉरंटीत बसत नाही. दीर म्हणतात, "माड आधीचा, सोलर मागाहून आला. तुम्हीच हलवा." आम्ही माड तोडू शकतो का? भरपाई मिळेल का?

उत्तर : ताई, तुम्ही एकात दोन भांडणं बांधून पाठवली आहेत. एक सावलीचं, दुसरं झावळीचं. सावलीच्या भांडणात तुम्ही हराल. झावळीच्या भांडणात बाजू तुमची आहे.

आधी सावली. आपल्याकडे उजेडाचा हक्क येतो तो 1882 च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यातून. त्याच्या कलम 15 प्रमाणे इमारतीत येणारा उजेड आणि वारा 20 वर्षं विनाखंड उपभोगला असेल, तर त्याचा हक्क पक्का होतो. तो खिडकी-झरोक्यातून घरात येणाऱ्या उजेडाचा. उघड्या जागेवर पडणाऱ्या उजेडाला असा वहिवाटीचा हक्क मिळतच नाही, असं कलम 17 सांगतं. शिवाय तुमचा सोलर अवघा चार वर्षांचा. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने 1978 साली शेजारच्या झाडांची सावली सोलरवर पडू नये म्हणून खास कायदा केला, पण तो दापोलीच्या कोर्टात उपयोगाचा नाही.

आणि दावा लावलाच, तर उलटतपासणीत पहिला प्रश्न येईल : बाई, एकट्या माडाची सावली दुपारभर एका जागी थांबते का? ती सरकते. तुमच्याकडे डिसेंबरात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम 49 अंश वर असतो, त्यामुळे 60 फुटी माडाची सावली जमिनीवर 50 फुटांपलीकडे जाते हे खरं. पण शेंडा दीड-दोन तासांत सोलरवरून पुढे जातो. पाणी दिवसभर कोमट राहत असेल तर नळ्यांच्या आत साठलेला क्षार आणि बाहेर बसलेला खारट धुळीचा थर आधी बघा. खाडीजवळच्या विहिरीचं पाणी असेल तर नक्कीच. (वीज करणारी पॅनेलं असती तर गोष्ट वेगळी. तिथे कोपऱ्यावर सावली पडली तरी सगळ्या ओळीची वीज घटते. पाण्याच्या सोलरमध्ये जेवढ्या नळ्या सावलीत, तेवढंच नुकसान.)

आता झावळ. झाडाचा मालक कोण, हे बुंधा कोणाच्या जमिनीत आहे यावर ठरतं. पण ते झाड तुमच्या हद्दीवर आलं आणि त्याने तुमचं नुकसान केलं, तर तो उपद्रव झाला, भरपाई त्याच्या मालकाने द्यायची. "माड आधीचा" हा बचाव चालत नाही. उपद्रव आधीपासून होता म्हणून नंतर आलेल्याने तो सोसावा, असा नियम नाही. झाड रोज वाढतं, त्यामुळे फांद्या शेजाऱ्याच्या आवारात ठेवण्याचा वहिवाटीचा हक्कही कोर्टं मान्य करत नाहीत.

दीर वादळाचं नाव घेतील. 2020 चं निसर्ग आणि 2021 चं तौक्ते तुम्ही दोघांनीही पाहिलंय, तेव्हा हा बचाव सुचायला वकील लागत नाही. म्हणून पुढच्या मे महिन्याच्या आत लेखी नोटीस द्या : माड कलला आहे, सुक्या झावळ्या लोंबतायत, शेंडा साफ करून घ्या. स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह. धोका माहीत असून हात न हलवणाऱ्याला देवाच्या करणीआड लपणं जड जातं. सातबाऱ्यावर अकरा नावं असतील आणि नऊ जण मुंबईत असतील, तर घाबरू नका. उपद्रवाला जबाबदार धरायचं ते झाड ज्याच्या ताब्यात आहे त्याला, आणि ते पाडेली (नारळ उतरवणारा) कोणाच्या सांगण्यावरून चढतो, नारळ कोणाच्या पडवीत जातात, यावरून सिद्ध होतं.

"तोडू का?" याचं उत्तर स्पष्ट नाही असंच. आपल्या हद्दीत आलेल्या फांद्या, शेजाऱ्याच्या जमिनीत पाय न ठेवता, आपल्यापुरत्या कापता येतात. आंब्याच्या बाबतीत हे सोपं. माडाला फांद्या कुठे? कललेल्या माडाचा अख्खा शेंडा तुमच्या अंगणावर आहे. सुई, म्हणजे शेंड्यातला वाढता कोंब, कापली की माड मेला, आणि मालमत्तेच्या नुकसानीची फिर्याद तुमच्यावर. गडग्याच्या अलीकडे लोंबणाऱ्या सुक्या झावळ्या तेवढ्या पाडेल्याकडून उतरवून घ्या. सोबत आलेले नारळ दिरांच्या गडग्यावर नेऊन ठेवा. एक जरी आमटीत गेला, तरी चोरीचा आळ येतो. तोडायची वेळ दिरांवर आली, तर सोय एवढीच की 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आंबा, फणस, ऐन, किंजळ आहेत, माड नाही. घर नगरपंचायतीच्या हद्दीत असेल तर मात्र 1975 चा नागरी वृक्ष कायदा लागतो, परवानगी घ्यावी लागते.

6,800 रुपयांसाठी दिवाणी दावा लावू नका, मी सांगतोय तरी. मुदत तीन वर्षांची आहे, म्हणून घाई नाही. पण एकदा दावा उभा राहिला की दीर मोजणी मागतील, मग गडगा कोणाचा हे निघेल, आणि माडाऐवजी गडग्यावर भांडण सुरू होईल. असली प्रकरणं मी दोन पिढ्या चाललेली पाहिली आहेत.

त्याऐवजी तहसीलदारांकडे, म्हणजे कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 133) पडायच्या बेतातलं झाड काढायचा किंवा त्याला आधार द्यायचा सशर्त आदेश ते काढू शकतात. इथे एक चूक सगळे करतात : अर्जभर फुटलेल्या नळ्या आणि बिल लिहितात. हे कलम माणसाला होणाऱ्या इजेसाठी आहे. नुसत्या सोलरचं लिहिलंत तर "बाब दिवाणी आहे" असा शेरा मारून अर्ज परत येईल. न्हाणीकडे जायची वाट त्या शेंड्याखालून जाते का, नातवंडं तिथे खेळतात का, ते पहिल्या परिच्छेदात लिहा. कलाचे फोटो जोडा, आणि तलाठ्यांनी जागेवर येऊन पंचनामा करावा अशी मागणी करा.

पैशासाठी तालुका विधी सेवा समितीकडे दावापूर्व अर्ज द्या. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. लोकअदालतीत तडजोड झाली तर तिला हुकूमनाम्याचं बळ असतं आणि त्यावर अपील नाही. मागणी बिलापुरती ठेवा आणि वर एक अट घाला : पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर शेंडा साफ करायचा, पाडेल्याची मजुरी दिरांची.

विक्रेत्याच्या मागे लागू नका. बाहेरचा मार बसून फुटलेली काच बहुतेक वॉरंट्यांतून वगळलेली असते. घरावर कर्ज असेल तर विम्याची पॉलिसी मात्र बाहेर काढा. 2021 पासून आलेल्या 'भारत गृह रक्षा' पॉलिसीत झाड कोसळून होणारं नुकसान धरलेलं आहे, फक्त तुमच्या कागदात सोलर कुठे बसतो ते वाचून घ्या.

राहता राहिला सोलर. येत्या डिसेंबरात एक दिवस स्लॅबवर खडू घेऊन बसा आणि सकाळी दहापासून तीनपर्यंत दर तासाला सावलीची कड आखा. मोकळी राहिलेली जागा सापडली तर स्टँड तिथे हलवा, वर जाड तारेची जाळी बसवा. आजवर न्हाणीतलं पाणी याच माडाच्या सोडणांवर (नारळाच्या सुक्या सालींवर) तापलं असेल. पावसाळ्यात सोलर चालत नाही तेव्हा तीच सोडणं लागतील, आणि ती दिरांकडेच मागावी लागतील.