सुट्टी घेऊनही थकवा उतरत नाही तेव्हा

तू लिहिलंयस ते थोडक्यात असं: वय 24, हिंजवडीत आयटीतला सपोर्ट प्रोजेक्ट, क्लायंट अमेरिकेतल्या डॅलसचा, वाकडला तिघांत मिळून फ्लॅट, घर लातूरला. जिम लावली, ध्यानाचं ॲप घेतलं, दिवाळीत घरी जाऊन आलास. तरी रविवारी संध्याकाळ झाली की छातीत धडधडतं आणि सोमवारी लॅपटॉप उघडवत नाही. "ताई, स्वतःची काळजी घेण्यात माझं काय कमी पडतंय?" असं विचारलंयस.

मी याच क्षेत्रात बरीच वर्षं आहे, आता टीम सांभाळते, आणि तुझ्या वयाची मुलं रोज बघते. मला असं दिसतं की आधीच भरलेल्या दिवसात तू आणखी दोन कामं घातलीस. जिम चांगली, ध्यानही चांगलं. पण सकाळी साडेनऊचा स्टँडअप (टीमची रोजची छोटी बैठक) आणि रात्री साडेदहापर्यंत लांबणारा कॉल यांच्यामध्ये ती कोंबलीस तर वेळ जातो तो झोपेतूनच. आधी तास मोकळे करायला हवेत. त्यात काय करायचं ते नंतर.

त्याच्याही आधी धडधडीचं. ताण असेलच, पण ते घरबसल्या ठरवू नकोस. या आठवड्यात एखाद्या फिजिशियनला दाखव आणि हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-12, ड जीवनसत्त्व यांच्या तपासण्यांबद्दल विचार. तू शाकाहारी, डबा मेसचा, दिवसभर काचेच्या इमारतीत. बी-12 आणि ड कमी असण्याला हे सगळं पोषकच आहे. कितीतरी जण महिनोन् महिने 'मला कामाचा कंटाळा आलाय' म्हणत राहतात आणि रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन कमी निघतं.

आता बर्नआउट. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये तो आपल्या आजार-वर्गीकरणाच्या यादीत घातला, पण आजार म्हणून नाही, तर कामाशी जोडलेली अवस्था म्हणून. खुणा तीन: शक्ती संपून जाणं, कामाबद्दल मन उडणं किंवा कडवट होणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ आवरला गेला नाही की हे होतं, असं तिथे म्हटलंय. हे नीट वाच, कारण मूळ कामात असेल तर उपायाचा मोठा भागही कामातच करावा लागणार. नुसत्या ॲपने तो होणार नाही.

एक फरक मात्र ओळखून ठेव. सुट्टीत दोन दिवसांनी जेवणाला चव येते, मित्रांत हसू येतं, तर गाठ कामाशी आहे. पण लातूरला आईसमोर बसूनही काहीच गोड वाटत नसेल, भूक-झोप बिघडलेली असेल आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. जगणं नकोसं वाटायला लागलं तर त्याच क्षणी 14416 ला फोन कर आणि रूममेटलाही सांग. टेली-मानस ही सरकारी सेवा आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. तुझ्या कंपनीत समुपदेशनाची सोय आहे का तेही बघ. बऱ्याच आयटी कंपन्यांत काही बैठका मोफत असतात आणि कोण गेलं हे मॅनेजरला कळवलं जात नाही.

आता तासांकडे येऊ. डॅलसचे सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत घड्याळं तासभर मागे जातात आणि तोच कॉल आपल्याकडे साडेआठला येतो, थेट मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत. इथला स्टँडअप मात्र साडेनऊलाच. म्हणजे हिवाळाभर तुझा दिवस एका तासाने लांबतो, आणि कोणी मुद्दाम लांबवलेला नसल्यामुळे कुणाच्या डोळ्यावरही येत नाही. तुझा त्रास दिवाळीनंतर वाढला असं तू लिहिलंस, तेव्हा मला पहिल्यांदा हेच आठवलं. कॉलआधी घेतलेल्या कॉफीचंही तेच. कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. आठची कॉफी रात्री एकला अर्धी शिल्लक असते.

दोन आठवडे एक साधी नोंद ठेव: लॅपटॉप किती वाजता उघडला, शेवटचा मेसेज किती वाजता, रात्रीत फोन किती वेळा वाजला. बस. मग बेरीज कर. आठवड्याला 55 तास किंवा जास्त काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका 35 ते 40 तासवाल्यांपेक्षा 35 टक्क्यांनी जास्त आढळला, हृदयविकाराने मृत्यूचा 17 टक्क्यांनी. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी 2021 मध्ये मांडलेले आकडे आहेत हे. तुला घाबरवायला सांगत नाहीये. 'सगळेच करतात' हे ऐकून तू गप्प बसतोस ना, त्यासाठी सांगतेय.

ही नोंद घेऊन टीम लीडकडे जा. 'मला खूप ताण आहे' एवढंच म्हणालास तर तो सहानुभूती दाखवेल आणि सोमवारी सगळं तसंच चालू. त्याच्या अधिकारात असलेली एकच गोष्ट माग: "सर, रात्रीचा कॉल मी घेतो, पण मार्चपर्यंत मला स्टँडअप साडेअकराला चालेल का? नाहीतर अपडेट चॅटवर टाकतो." किंवा ऑन-कॉलबद्दल, म्हणजे रात्री-अपरात्री बिघाडाचा फोन घ्यायच्या पाळीबद्दल: "ऑन-कॉलमध्ये रात्री बारानंतर फोन आला तर दुसऱ्या दिवशी दुपारपासून येतो." आणि कॉम्प-ऑफ, म्हणजे जादा कामाची बदली सुट्टी, त्याच आठवड्यात घे. साठवलेला कॉम्प-ऑफ बहुतेक वेळा लॅप्स होतो, आणि मंगळवारच्या जागरणाची झोप पुढच्या महिन्यात भरून निघत नाही. टेबलाच्या पलीकडून सांगते, सहा महिने केटी देऊन, म्हणजे प्रोजेक्टचं काम शिकवून, तयार केलेला पोरगा गेला तर लीडची झोप उडते. आकडे समोर ठेवून नेमकं मागितलं तर नाही म्हणणं त्याला अवघड जातं.

जर्मनीतल्या मानहाइम विद्यापीठातल्या साबिने झोनेनटाग यांनी वर्षानुवर्षं हाच अभ्यास केलाय की कामानंतर माणूस पुन्हा ताजा कशाने होतो. त्यात सगळ्यात आधी येतं ते कामापासून मन सुटणं. नुसतं घरी असून भागत नाही. तू गादीवर पडलायस पण टीम्स या ऑफिसच्या चॅट ॲपचा टुणटुण आवाज चालू आहे, तर मेंदू अजून ड्युटीवरच आहे. टीम्सच्या मोबाइल ॲपमध्ये नोटिफिकेशन बंद राहण्याची वेळ ठरवता येते, ती लाव. ऑन-कॉल असशील त्या आठवड्यात फक्त अलर्टचा फोन वाजेल असं कर, बाकी चॅट बंद. ऑन-कॉल नसताना ऑफिसचा मेल पर्सनल फोनवर असायची गरजच काय?

झोनेनटाग यांच्या यादीत दुसरी एक गोष्ट आहे, ती मला फार पटते: कामाशी संबंध नसलेलं काहीतरी शिकणं, त्यात हात बसत जाणं. आमच्या टीममधली एक मुलगी पावसाळ्यात ढोल पथकाच्या सरावाला जाते. खांदे दुखतात, तळहाताला घट्टे पडतात, पण दुसऱ्या दिवशी तिचा चेहरा बघण्यासारखा असतो. तुला तबला, पोहणं, स्वयंपाक, काय आवडेल ते बघ. फक्त ते सीव्हीत घालण्यासारखं नको. वीकेंडला क्लाउडचं सर्टिफिकेशन करणं म्हणजे विश्रांती नव्हे.

रात्री दीडपर्यंत रील्स बघतोस त्याबद्दल स्वतःला कोसू नकोस. दिवसात एक तासही आपला नसला की माणूस तो झोपेतून काढतो. संध्याकाळी साडेसहा ते साडेसात हा तास कॅलेंडरवर ब्लॉक करून खाली चक्कर मार, नीट जेव, आणि काय होतं ते बघ.

लातूरच्या फेऱ्यांबद्दल थोडं कडक बोलते. शुक्रवारी कॉल संपवून रात्रीची बस, रविवारी रात्री परत बस, सोमवारी तसाच स्टँडअपला. दोन रात्री धड झोप नाही, आणि वर 'घरी जाऊन आलो तरी बरं वाटत नाही'. वाटणार कसं? दर पंधरवड्याला जाण्यापेक्षा महिन्यातून एकदा जा आणि सोमवारची सुट्टी जोड. आई नाराज होईल. तिला खरं कारण सांग. 'काम आहे' म्हणू नकोस. तब्येतीसाठी झोप हवी म्हटल्यावर ऐकत नाही अशी आई मी बघितलेली नाही.

पैशाचं तू ओझरतं लिहिलंस, पण मला ते महत्त्वाचं वाटतं. घरी पाठवतोस, बाइकचा हप्ता आहे, आणि शिल्लक काही नाही. नोटीस पिरियड बऱ्याच ठिकाणी 90 दिवसांचा. अशा वेळी लीडसमोर तोंड उघडायची भीती वाटणारच. चार महिन्यांचा खर्च वेगळ्या खात्यात जमेपर्यंत घरी पाठवायची रक्कम थोडी कमी करता येते का, हे बाबांशी मोकळेपणाने बोल. ते पैसे खात्यात असले की 'शनिवारी जमणार नाही' हे वाक्य तोंडातून सहज निघतं. प्रोजेक्ट बदलून मागायचं धाडसही त्यातूनच येतं. आणि दोन-तीन महिने मागूनही लीड ढिम्म हलला नाही, तर प्रोजेक्ट बदलूनच माग.

तुमच्या ऑन-कॉलच्या पाळ्यांच्या यादीत किती जण आहेत ते लिहिलेलं नाहीस. तिघंच असाल तर दर तिसरा आठवडा तुझ्या वाट्याला येत असणार, आणि तेव्हा लीडशी बोलणं वेगळ्या पद्धतीने करावं लागेल. तेवढं सांग, आणि तपासण्यांचं काय झालं तेही.