गल्लीतील बेवारस गाडी : जबाबदारी कोणाची?

प्रश्न : आमच्या गल्लीच्या तोंडाशी दोन वर्षांपासून नंबरप्लेट नसलेली एक जीप उभी आहे आणि पावसाळ्यात तिच्या जुन्या टायरांत पाणी साचते. पालिका पोलिसांकडे बोट दाखवते, पोलीस पालिकेकडे. दाद कोठे मागावी?
– एक वाचक, जळगाव जिल्हा

उत्तर : जबाबदारी दोघांचीही आहे आणि म्हणूनच टोलवाटोलवी सोपी जाते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२७ नुसार सार्वजनिक जागी दहा तास किंवा अधिक काळ बेवारस सोडलेले वाहन उचलून नेण्यास गणवेशातील पोलीस अधिकारी परवानगी देऊ शकतो व तो खर्च मालकावर पडतो. जळगाव, धुळे येथे महापालिका असल्याने अर्ज आयुक्तांकडे करावा. भुसावळ, अमळनेर, चोपडा येथे नगर परिषदा असल्याने तो मुख्याधिकाऱ्यांच्या नावे द्यावा.

नंबरप्लेट नसल्याने मालक सापडत नाही, ही सबब टिकणारी नाही, कारण चॅसिस व इंजिन क्रमांकावरून नोंदणी शोधता येते. शिवाय गाडी चोरीची किंवा एखाद्या गुन्ह्यातील असू शकत असल्याने ही तपासणी आधी होणे आवश्यकच असते. (तोवर गल्लीकऱ्यांनी ती परस्पर भंगारवाल्याच्या हवाली करण्याचा मोह आवरावा.) एकाच मजकुराचा अर्ज छायाचित्रासह दोन्हीकडे द्यावा, त्यात साचलेल्या पाण्याचा व डासांचा उल्लेख आवर्जून करावा आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून हलू नये.