शिपिंग लाइनने करारातली जागा दिली नाही, तर एफएमसीकडे जायचं की कोर्टात?

तुमची अडचण मला समजली ती अशी: आशियातून अमेरिकेत घरगुती सामान आणणारी रिटेल कंपनी, शिपिंग लाइनशी वर्षाला ५२० चाळीस फुटी कंटेनरचा सर्व्हिस कॉन्ट्रॅक्ट (ठरलेल्या भाड्याने ठरावीक माल नेण्याचा करार), प्रत्यक्षात जहाजावर चढले फक्त ३१२. उरलेल्यातला बराच माल तुम्हाला स्पॉट भाड्याने, म्हणजे कराराबाहेर त्या वेळच्या बाजारभावाने, पाठवावा लागला. आता फेडरल मेरिटाइम कमिशनकडे, म्हणजे सागरी मालवाहतुकीचं नियमन करणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेकडे (एफएमसी), दाद मागता येईल का?

येईल, पण नुसतं ‘करार मोडला’ म्हणून नाही. अमेरिकेच्या शिपिंग अॅक्टमध्येच लिहिलंय की सर्व्हिस कॉन्ट्रॅक्टच्या भंगावर दाद कोर्टात मागायची, दोन्ही पक्षांनी वेगळं ठरवलं नसेल तर. हे ‘वेगळं’ बहुतेक वेळा लवादाचं कलम असतं, म्हणून सगळ्यात आधी ते काढून वाचा. एफएमसीपुढे कायद्याचं उल्लंघन दाखवावं लागतं: व्यवहार करायला अवाजवी नकार, जागा असूनही ती अवाजवीपणे नाकारणं, तक्रार केली म्हणून सूड, किंवा माल हाताळण्याच्या गैरवाजवी पद्धती. यातल्या शेवटच्या मुद्द्यासाठी ती वागणूक नेहमीची आणि सतत चालणारी होती हे दाखवावं लागतं. दोनचार आठवडे माल मागे राहिला एवढ्यावर ते सिद्ध होत नाही. २०२१ मधल्या जहाजांवरच्या जागेच्या टंचाईनंतर आयातदारांच्या ज्या तक्रारी एफएमसीकडे गेल्या, त्यांचा गाभा असा होता की करारातली जागा रोखून तीच चढ्या भावाने विकली. बेड बाथ अँड बियाँड या अमेरिकी रिटेल कंपनीने २०२३ मध्ये ओओसीएल या शिपिंग लाइनविरुद्ध केलेली तक्रार त्यातलीच.

माझ्या मते अशा दाव्याचं भवितव्य ठरतं ते बुकिंगच्या नोंदींवर. लाइनचा पहिला बचाव हाच असतो की ‘तुम्ही माल दिलाच नाही’. करारात आठवड्याला समान प्रमाणात माल द्यायची अट असेल, तर ५२० म्हणजे आठवड्याला १०. एखाद्या आठवड्यात तुम्ही ४ चंच बुकिंग मागितलं असेल, तर उरलेले ६ त्यांच्या माथी मारता येत नाहीत. आणि पुढच्या आठवड्यात १६ मागितले असतील, तर वरचे ६ द्यायला ते बांधील नव्हते असं ते म्हणतील. म्हणून आठवडावार एक तक्ता करा: बुकिंगची विनंती कधी गेली, किती कंटेनरची, कोणत्या बंदरातून, उत्तर काय आलं, कोणतं जहाज रद्द झालं, कोणता कंटेनर पुढच्या जहाजावर ढकलला, आणि त्याच दिवशी त्याच लाइनने जादा भाड्याने जागा देऊ केली का. हा शेवटचा रकाना सोन्यासारखा आहे. करारात जागा ‘नाही’ आणि स्पॉटवर ‘आहे’ असे दोन ईमेल एकाच आठवड्याचे सापडले, तर त्यांचं वजन मोठं असतं.

इथे घात होतो तो फोनवरच्या नकारामुळे. लाइनचा सेल्समन सांगतो, ‘या आठवड्यात टाकूच नका, जागा नाही’, आपली माणसं ऐकतात, आणि कागदावर मागणीच उरत नाही. जागा नाही असं कळलं तरी विनंती लेखी टाकायचीच. जुन्या नोंदी फॉरवर्डरकडे (तुमच्या वतीने माल पाठवण्याची व्यवस्था करणाऱ्या एजंटकडे) आणि बुकिंग पोर्टलवर असतात. त्या लगेच उतरवून घ्या, आणि तुमच्या कंपनीतले संबंधित ईमेल पुसले जाणार नाहीत असा लेखी आदेश आजच काढा.

रकमेचा हिशेब उदाहरणाने. तूट २०८. त्यातल्या ६० ची लेखी मागणीच नसेल, तर उरले १४८. यातले ११० स्पॉटवर गेले, करारभाडं ३,००० डॉलर आणि स्पॉट ११,००० धरलं, तर फरक ८,८०,००० डॉलर. ही बाजू भक्कम, कारण बिलं हातात आहेत. न गेलेल्या ३८ कंटेनरवरचा बुडालेला नफा सिद्ध करणं फार कठीण. तो वेगळा मांडा, नाहीतर तो भक्कम आकड्यालाही कमकुवत करतो. करारात प्रत्येक कंटेनरमागे ठरलेली भरपाई लिहिली असेल, तर कोर्टात किंवा लवादात बहुधा तेवढ्यावरच अडकाल.

भरपाईसाठी एफएमसीकडे तक्रार नुकसान झाल्यापासून ३ वर्षांच्या आत लागते. हरणाऱ्यावर समोरच्या वकिलाची फीसुद्धा पडू शकते, ती आपल्यावरही; हे संचालकांना आधी सांगा.

डिमरेज आणि डिटेन्शनची, म्हणजे कंटेनर बंदरात किंवा तुमच्याकडे मुदतीपेक्षा जास्त राहिल्याच्या शुल्काची, बिलं या दाव्यात मिसळू नका. त्यासाठी शिपिंग अॅक्टच्या २०२२ च्या सुधारणेने सोपी वाट दिली आहे: एफएमसीकडे शुल्काची तक्रार पाठवा, शुल्क वाजवी होतं हे सिद्ध करण्याचा भार लाइनवर येतो. मे २०२४ पासूनच्या नियमानुसार, शेवटचं शुल्क लागल्यापासून ३० दिवसांत बिल आलं नाही तर ते भरायची जबाबदारी राहत नाही. बिलावरच्या तारखा आधी तपासा.

आणखी एक. या वादातच नव्या वर्षाचा करार किंवा जुन्याची दुरुस्ती समोर येईल. मागच्या वर्षाचे सगळे दावे मिटले, किंवा तूट पुढच्या वर्षात वळती केली, असं वाक्य त्यात असेल तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.