वाचकांचे प्रश्न: जुना हायवे, जुनी गाडी

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग 2002 साली पूर्ण झाला. तरी पनवेल, खोपोली, खंडाळा, कामशेत अशा जुन्या वाटेनं जाण्याची ओढ कमी झालेली नाही, हे तुमच्या पत्रांवरून दिसतं. या वेळी अशाच प्रवासाचे प्रश्न घेतले आहेत.

आजोबांची प्रीमियर पद्मिनी चार-पाच वर्षं उभी होती. आता चालू करून घेतली आहे. दिवाळीत आजीला घेऊन जुन्या रस्त्यानं पुण्याला जायचं आहे. गाडी घाट चढेल का? (डोंबिवली)

चढेल. इंजिन चालू झालं की सगळे चढाचाच विचार करतात. तुम्ही आधी ब्रेक बघा, कारण परतताना हाच घाट उतरायचा आहे.

पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. उभ्या गाडीत त्या ओलीनं व्हील सिलिंडर (चाकातला ब्रेक दाबणारे छोटे सिलिंडर) आतून गंजतात, रबरं खराब होतात. शिवाय ताजं डॉट 3 दर्जाचं ब्रेक ऑइल साधारण 205 अंशांना उकळतं, ओल धरलेलं 140 च्या आसपासच. उतारावर ड्रम तापले की जुनं ऑइल उकळतं, त्याची वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल सरळ तळाला जातं. म्हणून चारही व्हील सिलिंडर उघडून बघा, मास्टर सिलिंडरचं (पेडलला जोडलेल्या मुख्य सिलिंडरचं) किट आणि रबरी होज बदला, ऑइल पूर्ण नवं भरा. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात करा. ब्रेकच्या लायनरला तेल लागलेलं असेल तर ते पुसून चालत नाही, नवेच बसवा.

टायरची नक्षी चांगली दिसते म्हणून फसू नका. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. एवढा जुना आणि एका जागी उभा राहिलेला टायर बाजूंना तडकलेला असतो. स्टेपनीचेही आकडे वाचा, ती बहुतेक वेळा सर्वांत जुनी निघते.

आता चढ. खोपोली समुद्रसपाटीपासून शंभर मीटरच्याही खाली, लोणावळा सहाशेच्या वर. मधली चढण थोड्याच किलोमीटरांत, तीही ट्रकमागे रखडत. त्यामुळे रेडिएटर उलट्या दिशेनं पाणी सोडून साफ करून घ्या, दाबल्यावर मऊ लागणारे होज पाइप बदला आणि फॅन बेल्ट मधोमध अंगठ्यानं दाबून बघा. 10 ते 15 मिलिमीटर दबला तर ठीक. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवणारी झडप, काढून टाकण्याची आपल्याकडच्या गॅरेजांत सवय आहे. तसं करू नका. खरं दुखणं बहुधा चोंदलेल्या रेडिएटरचं असतं आणि ते तसंच राहतं.

टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका, फिल्टर बदला. मग गावातल्या गावात 50 किलोमीटर फिरवा आणि उतरल्यावर हात न लावता चारही चाकांजवळ उष्णता जाणवते का ते बघा. एकच चाक तापलं असेल तर तिथला ब्रेक धरून राहतोय.

सोबत फॅन बेल्ट, पॉइंट आणि कंडेन्सर (ठिणगीच्या यंत्रणेतले छोटे भाग), दोन प्लग, अर्धा लिटर ब्रेक ऑइल, पाच लिटर पाणी आणि चाकाला लावायला दोन लाकडी गुटके ठेवा. पाणी उकळलंच तर बोनेट उघडा, पण रेडिएटरची टोपी किमान अर्धा तास उघडू नका. गरम इंजिनावर गार पाणी ओतलं तर इंजिनाच्या हेडला तडा जाऊ शकतो. इंजिन निवल्यावर ते चालू ठेवून थोडं थोडं पाणी भरा.

घाट चढून थांबलो की गाडी पुन्हा चालू होत नाही. अर्ध्या तासानं आपोआप होते. मेकॅनिकला दाखवली तेव्हा काहीच सापडलं नाही. (सांगली)

थांबल्यावर पंख्याचं वारं बंद होतं आणि इंजिनाची उष्णता पेट्रोलच्या नळीत शिरते. इंजिनावरचा पेट्रोल पंप आणि कार्बोरेटर (पेट्रोल-हवा मिसळणारा भाग) यांच्यामध्ये पेट्रोलची वाफ होते. पंपाला वाफ ढकलता येत नाही. पण असंच लक्षण तापलेल्या कंडेन्सरचं किंवा कॉइलचंही असतं, म्हणून गाडी अडलेली असतानाच तपासा: एक प्लग काढा, वायर लावा, प्लगचं धातूचं अंग इंजिनाला टेकवा आणि दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगा. हे करताना आसपास पेट्रोल सांडलेलं नको. ठिणगी निळी आणि जोरकस असेल तर दोष पेट्रोलचा. पिवळसर, अशक्त असेल किंवा नसेलच तर कंडेन्सर बदला, तो स्वस्त आहे.

पेट्रोलचा दोष असेल तर पंपावर आणि नळीवर ओलं फडकं टाकून पंधरा मिनिटं थांबा. कायमचा उपाय म्हणजे नळी सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून दूर फिरवून घेणं आणि कार्बोरेटरखालचा बॅकेलाइटचा जाड पॅकिंग तुकडा जागेवर आहे का ते बघणं. दुरुस्तीत तो हरवतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. नळीला लाकडी चिमटे लावण्याचा सल्ला मिळतो, त्याचा उपयोग होत नाही.

हल्ली हा त्रास वाढला आहे. 20 टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल लवकर वाफाळतं आणि जुन्या रबराला फुगवतं, भेगाळतं. पंपाचा पडदा आणि रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्या. दुकानात विटॉनच्या म्हणून मागा. प्रवासानंतर गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवा.

वडिलांच्या बजाज चेतकवर दोघं जण बोरघाटातून जाऊ शकतो का? वाटेत जुनं काय बघायला मिळेल? (पनवेल)

जाऊ शकता. द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे जुना रस्ताच तुमचा. घाटमाथ्याकडे दोन्ही रस्ते काही अंतर एकत्र येतात, तिथे फलक नीट वाचा, डावी बाजू सोडू नका आणि खंडाळ्याला बाहेर पडा.

टू-स्ट्रोक चेतकमध्ये तेल पेट्रोलबरोबरच इंजिनात जातं, लिटरमागे 20 मिलिलिटर. उतारावर गिअरमध्ये राहून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडला की पेट्रोल थांबतं, म्हणजे तेलही थांबतं आणि इंजिन मात्र जोरात फिरत राहतं. पिस्टन जाम होतो तो असा. म्हणून उतरताना दर काही सेकंदांनी क्लच दाबून थोडा अ‍ॅक्सिलरेटर द्या. न्यूट्रलवर उतरणं मात्र अजिबात नको, कारण मग सगळा भार छोट्या ड्रम ब्रेकवर येतो. चारचाकीवाल्यांनी ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरावं. ब्रेक सतत दाबून ठेवू नका. दाबा, वेग उतरवा, सोडा. जळका वास आला तर थांबा, गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला गुटका लावा. तापलेल्या ड्रमवर हँडब्रेक ओढला तर ड्रम निवून आकसल्यावर तो अडकून बसतो. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियमही आहे.

बघण्यासारखं पुष्कळ आहे. खोपोली सोडल्यावर शिंग्रोबाचं देऊळ लागतं. घाटाची वाट इंग्रजांना दाखवणाऱ्या धनगराचं हे ठिकाण, अशी कथा सांगतात. चालक इथे नाणं वाहून पुढे जातात. बोरघाटाचा गाडीरस्ता 1830 साली खुला झाला. त्याच काळातला अमृतांजन पूल आता शोधू नका, एप्रिल 2020 मध्ये टाळेबंदीत तो पाडला. रहदारीसाठी पाडावा लागला हे समजतं, तरी हळहळ राहतेच. त्याच परिसरात आगगाडी दिशा बदलायची ते रिव्हर्सिंग स्टेशन होतं. 1863 मध्ये सुरू झालेल्या घाटातल्या रेल्वेचा मार्ग 1929 मध्ये बदलला तेव्हा ते बंद झालं. लोणावळ्यापुढे कार्ले आणि भाजे लेणी अगदी हाकेवर आहेत. वडगाव मावळला मात्र हमखास थांबा. जानेवारी 1779 मध्ये मराठ्यांनी इंग्रजांच्या फौजेला इथे कोंडीत पकडून तह करायला लावला. महादजी शिंद्यांचं स्मारक तिथे आहे.

गाडी पन्नास वर्षांची झाली. व्हिंटेज नोंदणी करावी का? (नाशिक)

प्रवास करायचा असेल तर करू नका. 2021 च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, फक्त प्रदर्शन, संशोधन, रॅली, इंधन आणि देखभाल एवढ्यासाठीच. पहिल्या नोंदणीला शुल्क 20,000 रुपये आहे. नेहमीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी नव्यानं करत राहणं तुमच्यासाठी बरं.

पावसाळ्यात कशेडीच्या जुन्या घाटातून कोकणात उतरावं का? (ठाणे)

पावसाळ्यात नको, कशेडीच्या नव्या बोगद्यातूनच जा. जुन्या घाटात दरड येते आणि धुक्यात समोरचं वळण दिसत नाही. ऑक्टोबरअखेरीस जा, तेव्हा रस्ता सुकलेला आणि डोंगर अजून हिरवे असतात. महाडजवळचा सावित्रीवरचा दगडी पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री पुरात वाहून गेला, त्यासोबत एसटीच्या दोन बसही गेल्या. तेव्हापासून आमचा एकच आग्रह आहे: जुन्या पुलाच्या कमानींपर्यंत पाणी चढलेलं दिसलं, तर अलीकडच्या गावात मुक्काम करा.