त्या मुलीला मधून उठव

प्रिय पोरी,

तलावपाळीच्या कठड्यावर बसून तू रडलीस, ते डोळ्यांपुढून जात नाही. भेळ हातात तशीच राहिली आणि तू एकच विचारत होतीस, "मावशी, मी त्या बाईंना कुठली थेरपी देऊ?" दुसऱ्या दिवशी तुझं विमान होतं, म्हणून मी गप्प बसले. आता रागावते.

सिडनीतलं ते अफगाणिस्तानातून आलेलं हजारा कुटुंब, २०२१ मध्ये काबूल पडल्यावर पाकिस्तानात क्वेट्याला काढलेली वर्षं, नवरा अजून तिकडेच, रात्र रात्र झोप नाही, हे सगळं तू नीट सांगितलंस. मग सहज म्हणालीस की बारा वर्षांची मुलगी इतकं छान इंग्रजी बोलते, तीच आईचं सगळं समजावून सांगते. तू कौतुकानं सांगत होतीस. माझ्या पोटात गोळा आला.

पोराच्या तोंडून आईचं दुःख काढू नये. तुझं समाजकार्यातलं एमएसडब्ल्यू, तुझे ते प्रश्नांचे फॉर्म, सगळं याच्यानंतर.

१९९४ सालची गोष्ट. नेरूळला इमारतींची कामं जोरात होती आणि महबूबनगरकडचे तेलुगू मजूर साइटवरच झोपड्या घालून राहायचे. त्यातली एक बाई विष घेऊन वाचली आणि रुग्णालयात माझ्यासमोर आली. सोबत नऊ वर्षांचा मुलगा, पालिकेच्या शाळेत मराठी शिकलेला, चुणचुणीत. मी त्याला म्हटलं, आईला विचार, अजून मरावंसं वाटतं का? त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग आईला दोनच शब्द विचारले. तिनं मान हलवली. "नाही म्हणते," तो म्हणाला. मी केसपेपरवर लिहून टाकलं, आत्महत्येचे विचार नाहीत.

वॉर्डातली आया तेलुगू होती. दुपारी मला बाजूला घेऊन म्हणाली, बाई, पोरानं "तिन्नावा अम्मा" एवढंच विचारलं. जेवलीस का आई.

तो खोटं बोलला नव्हता. ती जेवली नव्हतीच. माझा प्रश्न मात्र त्यानं स्वतःपाशी ठेवून घेतला. पुढचे तीन दिवस तो तिचा पदर बोटाला गुंडाळून बसला होता, ती मोरीत गेली तरी दाराबाहेर उभा. काम संपल्यावर ते लोक दुसऱ्या साइटवर गेले, पुन्हा दिसले नाहीत. आज तो चाळिशीला आला असेल. आई मरायचा विचार करते का, हे नऊ वर्षांच्या मुलाच्या डोक्यात मी घातलं. दुसऱ्या कुणी नाही.

त्यानंतर मी हट्टाला पेटले. कोण कुठली भाषा बोलतं त्याची वही केली: आया तेलुगू, वॉचमन कन्नड, लिफ्टमन भोजपुरी. मोठं माणूस दुभाष्या म्हणून मिळेपर्यंत मी तोंड उघडत नसे. वरिष्ठ चिडायचे, ओपीडी खोळंबते म्हणायचे. खोळंबायचीच. एक बंगाली आजी दोन तास थांबून निघून गेल्या त्या परत आल्याच नाहीत. ते माझ्या नावावर आहे, नाकारत नाही. पण त्यांच्या नातवाला मी मधे बसवलं नाही, आणि आजही बसवणार नाही. मला आडमुठी म्हणणाऱ्यांनी तो पदर गुंडाळलेला पाहिला नव्हता.

आणि तुझ्याकडे काय नाही गं? तो देश १९७३ पासून फोनवर दुभाषे देतो. १३१ ४५० फिरवायचा, दिवसा, रात्री, केव्हाही, दीडशेहून जास्त भाषा. मी लिफ्टमनच्या मागे धावत होते.

तू म्हणशील, आईच दुभाष्या नको म्हणतात, आपल्यातला माणूस आला की गावभर होईल. त्यांचं बरोबर आहे. मूठभर समाज, कोण कुणाच्या ओळखीचं निघेल सांगता येत नाही. म्हणून फोनवरचा दुभाष्या घे, दुसऱ्या शहरातला. बाई हवी का, त्यांची हजारगी भाषा बोलणारी हवी का, हे त्यांनाच विचार. दुभाष्याला त्यांचं नाव सांगूच नकोस. ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही हे दुभाष्यावर बंधन आहे, ते त्यांना दुभाष्याच्याच तोंडून ऐकू दे. आणि बोलताना बघ त्यांच्याकडे, फोनकडे नाही.

तुझ्या हिंदीवरही विसंबू नकोस. क्वेट्याच्या बाजारातली उर्दू भाजी आणायला पुरते. त्या सारखं "जिगरखून" म्हणतात आणि मुलगी "सॅड" म्हणून मोकळी होते, हे तूच सांगितलंस. आपल्याकडे बाई "काळजाचं पाणी झालं" म्हणाली तर तू "उदास" असं लिहिशील का? तो शब्द तसाच लिहून घे, आणि तो कधी होतो, रात्री की नवऱ्याचा फोन आल्यावर, हे विचार.

मुलं पटकन रुळतात, असंही म्हणालीस. आमच्या कोपरीत फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबं होती. माझ्या वर्गातला एक मुलगा दहाव्या वर्षी आजीला डॉक्टरांकडे न्यायचा. डॉक्टर काय म्हणाले होते ते त्यानं आजीला कधीच सांगितलं नाही, आणि साठी उलटल्यावर मला सांगताना त्याचा आवाज कापत होता. रुळला होता तो. मराठी तर माझ्यापेक्षा चांगली बोलायचा.

थेरपीचं थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेची पाच बैठकींची पद्धत पेशावरला तपासली गेली, ती तज्ज्ञ नसलेली माणसंही शिकून चालवतात, ती शीक. छळ सोसून आलेल्यांसाठी सिडनीत 'स्टार्ट्स' ही संस्था १९८८ पासून आहे, तिथे जोडून दे. पण नवऱ्याच्या व्हिसाचा कागद कुठे अडकलाय हे आधी बघ, झोप तिथे अडकलीय. आणि काय झालं ते सगळं पहिल्याच भेटीत सांगा, असा आग्रह धरू नकोस.

मुलीला "आईला पाणी हवंय का" एवढं विचारायला सांगितलंस तर चालेल. घराला आग लागली, अँब्युलन्स यायची आहे, तरी चालेल. त्यापलीकडे नाही. साहेब घाई करतील, फॉर्म अर्धा राहील. राहू दे अर्धा.

मंगळवारी जाशील तेव्हा आधी त्या मुलीशी बोल. इतके दिवस तू फार मोठं काम केलंस, आता ते आमच्याकडे दे, असं तिच्या आईसमोर सांग, दुभाष्याकडून, म्हणजे आईलाही कळेल. मग तिला बाहेर खेळायला पाठव. गेली का, की दाराशी उभी राहिली, ते मला त्याच दिवशी लिही.

तुझी मावशी
ठाणे